थेरपी अनुभवातून शिकायची कशी: थेरपिस्ट आणि क्लायंट, दोघांसाठी

मानसशास्त्रात एम.ए. होतं, डिप्लोमा होतो, चार कार्यशाळा होतात आणि पहिला क्लायंट समोर येऊन बसला की पुस्तकातलं बहुतेक सगळं दाराबाहेर राहतं. पुढचं शिक्षण त्या खोलीतच व्हायचं असतं. पण नुसती वर्षं गेली म्हणून हात बसतो असं नाही. सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली अमेरिकेतल्या १७० थेरपिस्टांच्या साडेसहा हजारांवर क्लायंटांच्या नोंदी तपासल्या. अनुभवाची वर्षं वाढली तरी सरासरी थेरपिस्टचे निकाल सुधारले नव्हते, उलट अगदी किंचित घसरले होते. त्याआधी २०१२ साली स्टीव्हन वॉल्फिश यांच्या गटाने १२९ व्यावसायिकांना स्वतःच्या कौशल्याचा अंदाज विचारला, तेव्हा एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नाही आणि चौघांतल्या एकाने स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत बसवलं.

यात अहंकारापेक्षा कामाच्या स्वरूपाचा वाटा मोठा आहे. खोलीत झालेली चूक चूक म्हणून समोर येतच नाही. क्लायंट मान डोलावतो, ‘छान वाटलं’ म्हणतो, फी देतो आणि पुढच्या वेळी ‘घरी पाहुणे आलेत’ असा मेसेज पाठवतो. सेशननंतर आपण जी टिपणं लिहितो त्यात आपलं वाक्य खरं बोललो होतो त्यापेक्षा नेटकं उतरतं. म्हणून अनुभवातून शिकायचं तर तो अनुभव पुन्हा ऐकता आला पाहिजे, आणि त्यावर क्लायंटचं खरं मत मिळालं पाहिजे. या दोन गोष्टी कशा साधायच्या, तेच इथे सविस्तर देतो. शेवटचा मोठा भाग क्लायंटसाठी आहे, पण थेरपिस्टनेही तो वाचावा.

आधी तिघांचा सराव

क्लायंटसमोर बसण्याआधी, आणि बसायला लागल्यावरही, आठवड्यातून एकदा तिघांनी मिळून सराव करावा. एक थेरपिस्ट, एक क्लायंट, एक निरीक्षक. पंधरा मिनिटं बोलणं, दहा मिनिटं चर्चा, मग जागा बदलायच्या. तिघांची फेरी सव्वा तासात होते.

क्लायंट झालेल्याने खोटी गोष्ट रचू नये. रचलेल्या गोष्टीत भावना ठरवून आणलेली असते, तिला प्रतिसाद देऊन काही शिकता येत नाही. स्वतःचीच, पण छोटी अडचण घ्यावी. दहापैकी तीन-चार इतकाच त्रास देणारी. वरिष्ठांना रजा मागता येत नाही, भावाला दिलेले पैसे परत मागवत नाहीत, अशा पातळीची. गेल्या वर्षी गेलेल्या वडिलांचा विषय सरावाला काढू नये. पंधरा मिनिटांत तो उघडतो आणि मिटवायला कुणाजवळ वेळ नसतो.

निरीक्षकाने फक्त जे दिसलं आणि ऐकू आलं तेच लिहायचं. ‘तू खूप समजूतदार होतीस’ हे निरीक्षण नव्हे. ‘सहाव्या मिनिटाला त्याचा आवाज खाली आला आणि तू लगेच पुढचा प्रश्न विचारलास’ हे निरीक्षण. चर्चेत पहिलं बोलणं क्लायंट झालेल्याचं: मी कुठे आत जात होतो आणि कुठे बाहेर खेचला गेलो. मग थेरपिस्टचं, शेवटी निरीक्षकाचं. हा क्रम उलटा झाला की निरीक्षकाचं मत ऐकून बाकीचे दोघं आपली आठवण बदलतात.

क्लायंटच्या खुर्चीत बसण्याचा फायदा आणखी एक. मौन आतून किती लांब वाटतं, घाईने दिलेला धीर कसा बोचतो, हे त्या खुर्चीतच कळतं. मनोविश्लेषणाच्या परंपरेत तर शिकणाऱ्याने स्वतःचं विश्लेषण करून घेणं हा शिक्षणाचाच भाग आहे. १९२० साली सुरू झालेल्या बर्लिनच्या संस्थेने तो पायंडा पाडला. इतर पद्धतींत तशी सक्ती सहसा नसते, पण स्वतः किमान दहा-बारा सेशन्स घ्यावीत असं आमचं स्पष्ट मत आहे.

रेकॉर्डिंग: संमतीपासून डिलीटपर्यंत

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी ओहायो स्टेट विद्यापीठात १९४० च्या सुमारास सेशन्स तबकड्यांवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली आणि १९४२ मध्ये एक संपूर्ण केस शब्दशः छापली. आपण क्लायंटला मोकळीक देतो असं मानणारे विद्यार्थी प्रत्यक्षात किती सूचना देतात, ते त्या तबकड्यांनी दाखवलं. आज खिशातला फोन पुरतो. मात्र जबाबदारी तेवढीच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयता हा रुग्णाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे.

संमती लेखी घ्यावी आणि पहिल्याच सेशनच्या सुरुवातीला, माणूस घाबरलेला असताना मागू नये. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विचारावं. कागदावर इतकं तरी असावं: रेकॉर्डिंग कशासाठी, कोण ऐकणार (सुपरवायझर, म्हणजे आपलं काम तपासून मार्गदर्शन करणारा अनुभवी थेरपिस्ट, आणि सरावाचा गट असेल तर गट), कुठे ठेवणार, कोणत्या तारखेला पुसणार, मधेच थांबवायला सांगता येईल, आणि नाही म्हटलं तरी थेरपीत काहीही फरक पडणार नाही. शेवटचं वाक्य तोंडाने पुन्हा सांगावं. आपल्याकडे ‘सर’ किंवा ‘मॅडम’ समोर असताना सरळ नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून नाही म्हणायची वाट आपणच काढून द्यावी: ‘बऱ्याच जणांना नको असतं, आणि ते चालतं. घरी विचार करून पुढच्या वेळी सांगा.’ अठरा वर्षांखालचा क्लायंट असेल तर पालकांची संमती हवी, आणि मुलालाही वेगळं विचारावं.

आता फोनबद्दल. एअरप्लेन मोडवर टाकावा. आवाज आपोआप क्लाउडवर चढत नाही ना, हे सेटिंगमध्ये जाऊन आधीच बघावं. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण घरच्या टॅबवर तेच खातं उघडं असतं. फाइलला नाव नको, तारीखही नको, फक्त एक क्रमांक. क्रमांक कुणाचा हे वेगळ्या वहीत, कुलपात. फोन थेट टेबलावर ठेवला तर पेन ठेवल्याचाही दणका बसतो, म्हणून खाली घडी घातलेला रुमाल ठेवावा. फोन क्लायंटच्या बाजूला, साधारण हातभर अंतरावर. आपला आवाज तसाही येतो. सिलिंग फॅन पाचवर असेल तर हळू बोललेलं काहीच ऐकू येत नाही, आणि महत्त्वाचं बोलणं नेमकं हळूच बोललं जातं. फॅन दोनवर आणावा किंवा फोन पंख्याच्या झोतातून बाजूला घ्यावा.

ऐकून, सुपरव्हिजन होऊन काम संपलं की पुसून टाकावं, आणि ‘रीसेंटली डिलीटेड’मधूनही. क्लायंटला पुढच्या भेटीत सांगावं की पुसलं.

पाच मिनिटं कशी ऐकायची

पूर्ण सेशन ऐकायचा उत्साह दोन आठवडे टिकतो. पाच मिनिटं निवडावीत. कोणती? जिथे आपल्याला अवघडल्यासारखं झालं, जिथे विषय अचानक बदलला, किंवा जिथे क्लायंट नेहमीपेक्षा जास्त ‘हो’ म्हणाला. सगळं छान झालेली पाच मिनिटं निवडू नका. शक्यतो ४८ तासांच्या आत ऐका. नॉर्मन केगन यांनी १९६० च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात रेकॉर्डिंग परत बघण्याची जी पद्धत बसवली, तिचा गाभाच हा होता की त्या क्षणी मनात काय चाललं होतं ते आठवतं तोवर बघायचं, आणि थांबवायचं बटण शिकणाऱ्याच्या हातात ठेवायचं.

पाच मिनिटं हाताने उतरवून काढायला अर्धा ते पाऊण तास लागतो. ‘अं’, ‘म्हणजे’, उसासा, मौनाचे सेकंद, सगळं लिहायचं. पानाचे चार भाग पाडा: क्लायंट काय म्हणाला, मी काय म्हणालो, तेव्हा माझ्या आत काय चाललं होतं, आणि आता काय म्हणेन. तिसरा रकाना भरायचा कंटाळा येतो. खरं शिक्षण मात्र तिथेच आहे.

एक नमुना घेऊ. हा रचलेला आहे, कुणाची केस नाही. पुण्यात राहून एमपीएससीची तयारी करणारा, तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेत अडकलेला तरुण.

क्लायंट: घरचे काही म्हणत नाहीत. म्हणजे उलट खूप सपोर्ट आहे. रविवारी फोन येतो तेव्हा मी रूममेटला सांगतो की सांग, आंघोळीला गेलाय.
थेरपिस्ट: तुम्ही घरच्यांशी मोकळेपणाने बोलून बघितलंत का?
क्लायंट: (तीन सेकंद) हं... बोललं पाहिजे.
थेरपिस्ट: एकदा ठरवून फोन करा. वीस मिनिटं शांतपणे सगळं सांगा. बघा, हलकं वाटेल.
क्लायंट: हो सर.

थेरपिस्टच्या दोन्ही वाक्यांत वाईट हेतू नाही. पण बघा, क्लायंट रविवारच्या फोनपाशी उभा होता आणि थेरपिस्ट पुढच्या रविवारी जाऊन पोचला. पहिलं वाक्य प्रश्नाच्या रूपात दिलेला सल्ला आहे; त्याचं उत्तर ‘नाही बोललो’ हेच असणार आणि त्यात क्लायंटची कमतरता उघड होणार. तीन सेकंदांच्या थांब्यात क्लायंट काही शोधत होता, ते ऐकलं गेलं नाही. ‘हो सर’ आलं की संवाद संपला असं समजावं. तिसऱ्या रकान्यात प्रामाणिक थेरपिस्ट लिहील: ‘त्याला लाज वाटतेय हे मला जाणवलं आणि मलाच ते सहन झालं नाही, म्हणून उपाय दिला.’

चौथ्या रकान्यात: ‘फोन वाजतोय, तो कुणाचा आहे हे माहीत आहे, आणि तुमच्याच्याने तो उचलवत नाही.’ एवढं बोलून गप्प बसायचं. पाच-सहा सेकंद तरी. शेवटी आवाज खाली यावा, वर गेला तर त्याचा प्रश्न होतो आणि क्लायंट उत्तर शोधायला लागतो. यापुढे ‘आईचा आवाज ऐकला की’ असं काही येण्याची शक्यता असते. नाही आलं तरी बिघडत नाही. वाक्य चुकलं असेल तर क्लायंट ‘नाही, तसं नाही’ म्हणून नेमकं करून सांगतो, आणि तेही काम झालंच.

उतरवून झालं की मोजा. आपल्या प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर: प्रश्नाला प्र, रिफ्लेक्शनला (म्हणजे क्लायंटचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याच्यापुढे परत ठेवण्याला) रि, सल्ल्याला स, माहितीला मा, धीर देण्याला धी. प्रश्नांत हो-नाहीचे किती, ते वेगळं. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (बदलायची इच्छा क्लायंटच्याच तोंडून बाहेर काढणारी संवादाची पद्धत) शिकवताना एका प्रश्नामागे किमान एक रिफ्लेक्शन, आणि चांगल्या हाताला दोन, असं माप धरतात. नवख्याचा पहिला हिशेब बहुधा उलटा निघतो, सात-आठ प्रश्नांमागे एक रिफ्लेक्शन. आपण किती बोललो, क्लायंट किती, हेही घड्याळाने बघा. माहिती देण्याचं सेशन वगळता आपलं बोलणं तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं असेल तर का, ते विचारा.

मराठीत बोलताना काही चुका हमखास होतात. वाक्याच्या शेवटी ‘बरोबर ना?’ किंवा ‘हो ना?’ जोडायची सवय असते. त्याने चांगलं रिफ्लेक्शन होकार मागणारं वाक्य होऊन बसतं. ‘कसं वाटतंय?’ ला ‘बरं वाटतंय’ हे ठरलेलं उत्तर आहे, कारण हा प्रश्न आपण आजारी माणसालाही विचारतो. त्याऐवजी ‘हे सांगताना आत्ता शरीरात कुठे काही होतंय का?’ असं विचारलं की ‘छातीत धडधडतंय’, ‘घशाशी काहीतरी आलंय’, ‘डोकं जड झालंय’ अशी उत्तरं येतात. क्लायंट ‘टेन्शन’ म्हणाला तर आपणही टेन्शनच म्हणावं. ‘चिंताविकार’, ‘नैराश्य’ असे शब्द आपण आधी आणले तर क्लायंट स्वतःची भाषा सोडून आपल्या भाषेत बोलू लागतो. आणि वयाने लहान असला तरी प्रौढ क्लायंटला ‘तू’ म्हणण्याआधी विचारावं. काहींना ‘तू’मध्ये आपुलकी वाटते, काहींना ‘तुम्ही’शिवाय आपण कुणी मोठे झालो असं वाटत नाही.

एका वेळी एकच

मोजणीतून पाच उणिवा सापडतात. एकच घ्यावी आणि तीन-चार आठवडे तीच. विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली तपासलं, तेव्हा नुसत्या कार्यशाळेतून मिळवलेलं कौशल्य चार महिन्यांत ओसरलं होतं. ज्यांना स्वतःच्या रेकॉर्डिंगवर फीडबॅक किंवा कोचिंग मिळालं त्यांचं टिकलं.

सराव तोंडाने करायचा. मनात तयार केलेलं वाक्य तोंडातून येताना बदलतं. सहकाऱ्याला क्लायंटची दहा वाक्यं वाचायला सांगा, किंवा स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, अर्थात ओळख पटेल असं काहीही बदलून. एक वाक्य ऐका, दहा-पंधरा सेकंदांत मोठ्याने प्रतिसाद द्या, तोही रेकॉर्ड करा, ऐका, त्याच वाक्याला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वेगळा प्रतिसाद द्या. वीस मिनिटं पुरतात. सोपं वाटायला लागलं की वाक्यं अवघड करा: चिडलेला क्लायंट, रडणारा, ‘तुमचं लग्न झालंय का?’ विचारणारा, ‘याचा काही उपयोग होत नाहीये’ म्हणणारा. जे वाक्य ऐकून पोटात गोळा येतो ते यादीत सगळ्यात वर.

विवेकनिष्ठ पद्धत (आरईबीटी) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडलेली ही पद्धत महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे खोलवर रुजली, आणि इथल्या अनेकांचं शिक्षण तिच्यातच होतं. तिच्यात क्लायंटच्या अविवेकी धारणांशी वाद घालणं हे कौशल्य आहे. पण क्लायंटची धारणा त्याच्या तोंडून पूर्ण बाहेर येण्याआधी आपण तिच्यावर तुटून पडलो, तर तो वाद आपण आपल्याच अंदाजाशी घालत असतो. रेकॉर्डिंगमध्ये बघा: ‘असं झालंच पाहिजे’ हे वाक्य क्लायंटच्या तोंडचं आहे की तुम्ही त्याच्या तोंडी घातलेलं.

क्लायंटला विचारायचं कसं

एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली थेरपीतल्या भागीदारीचे तीन भाग सांगितले: कुठे जायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांतला विश्वास. दर सेशनची शेवटची पाच मिनिटं या तिन्हींना द्या. स्कॉट मिलर आणि सहकाऱ्यांची सेशन रेटिंग स्केल त्यासाठीच आहे: दहा सेंटीमीटरच्या चार रेघा, क्लायंट खूण करतो, पट्टीने मोजायचं, एकूण ४० पैकी. ३६ किंवा त्याखाली आलं तर तिथेच बोलायचं. लोक वरचेच आकडे देतात, म्हणून ३६ कमी धरले जातात.

अडचण ही, की इथला क्लायंट पहिल्या चार भेटींत ४० पैकी ४० देतो. मोठ्या माणसाला तोंडावर नावं ठेवायची नाहीत हे अंगात मुरलेलं असतं. म्हणून ‘आजचं सेशन कसं वाटलं?’ विचारू नका. तक्रार गृहीत धरून विचारा: ‘आज एखादी गोष्ट मी नीट धरली नसेल, ती कोणती?’ ‘आज काही सांगायचं राहून गेलं का?’ पहिल्यांदा काहीतरी किरकोळ येईल, खुर्ची अवघड आहे, घड्याळ समोर आहे. ते मनापासून घ्या आणि पुढच्या भेटीपर्यंत बदला. खुर्ची बदललेली दिसली की मग मोठं काही सांगितलं जातं.

नैराश्याची लक्षणं मोजायला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली सोपी आहे आणि मराठीत मिळते. नऊ प्रश्न, शून्य ते २७ गुण. ५, १०, १५, २० या तीव्रतेच्या चढत्या पायऱ्या. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, म्हणून दोन आठवड्यांनी एकदा भरून घ्या. पाच गुणांचा फरक खरा बदल धरतात. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. त्याला शून्य सोडून काहीही उत्तर असेल तर कागद फाइलला लावण्याआधी, त्याच भेटीत स्पष्ट विचारा: आत्महत्येचे विचार येतात का, कशी करायची हे ठरवलंय का, साधन हाताशी आहे का. विचारल्याने विचार पेरला जात नाही. हे प्रश्न सरावात आधी दहा वेळा मोठ्याने म्हटलेले असावेत, कारण ऐन वेळी ‘तसं काही मनात नाही ना?’ असं तोंडातून निघतं आणि त्याला ‘नाही’ हेच उत्तर येतं. धोका दिसला तर सुपरवायझर, मानसोपचारतज्ज्ञ आणि घरचा एक माणूस, तिघांपर्यंत त्याच दिवशी पोचायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक क्लायंटच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह करून द्या.

नातं ताणलं गेलं की

जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर मुरान यांनी अशा ताणाचे दोन प्रकार सांगितले: क्लायंट समोरून भिडतो किंवा मागे सरकतो. भिडणारा लगेच दिसतो. मागे सरकणारा छोटी उत्तरं देतो, विषय बदलतो, उशिरा येतो, एकदम फार गोड वागायला लागतो. दुसरा प्रकार हातून जास्त निसटतो.

लक्षात आलं की विषय थांबवा आणि जे घडलं ते आपल्या बाजूने मांडा: ‘मघाशी तुम्ही रविवारच्या फोनचं सांगत होतात आणि मी लगेच काय करा ते सांगायला लागलो. मला वाटतं तिथे तुमचं म्हणणं राहिलं. तुम्हाला तेव्हा काय झालं?’ मग ऐका. खुलासा देऊ नका. क्लायंट ‘नाही नाही सर, ठीक होतं’ म्हणाला तर एकदाच, हलकेच: ‘ठीक असेलही. नसेल तर तेही इथे सांगता येतं.’ मग पुढे जा. माफी एका वाक्यात. तीन वाक्यांची झाली की क्लायंट आपलीच समजूत घालू लागतो, आणि घरी तो तेच करत आलेला असतो.

सुपरव्हिजनला काय न्यायचं

पस्तीस मिनिटं केस हिस्टरी सांगायची आणि शेवटी दहा मिनिटांत ‘काय करू?’ विचारायचं, यात कुणाचंच शिक्षण होत नाही. पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग, त्याचा चार रकान्यांचा कागद आणि एक प्रश्न न्या. प्रश्न आपल्याबद्दलचा असावा. ‘हा क्लायंट प्रतिकार का करतो?’ याऐवजी ‘हा गप्प झाला की मी घाई का करतो?’ सुपरवायझर तोडगा सांगू लागले तर नम्रपणे म्हणा की आधी तुम्ही क्लायंट व्हा, मी बोलून बघतो. तीन वेळा बोलून बघितलेलं पुढच्या सेशनला तोंडात येतं, वहीत लिहिलेलं येत नाही. सुरुवातीला आठवड्याला तासभर सुपरव्हिजन हवंच. गावात कुणी नसेल तर ऑनलाइन चालतं, पण क्लिप व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, स्क्रीनवरून ऐकवायची.

समोर कुणी बसलंय असं मानून रिकाम्या खुर्चीशी बोलायला लावणं, जुना प्रसंग डोळे मिटून पुन्हा जगायला लावणं, अशी तंत्रं कार्यशाळेत एकदा बघून वापरू नयेत. भ्रम-भास असलेला, नशेत आलेला, नुकताच आत्महत्येचा प्रयत्न केलेला किंवा बोलता बोलता भान हरपणारा क्लायंट असेल तर नाहीच. आणि सेशनची वीस मिनिटंही उरली नसतील तर कुणाबरोबरच नाही. उघडलेलं शांत व्हायला वेळ लागतो, त्यानंतर माणसाला रस्त्यावर गाडी चालवत घरी जायचं असतं.

क्लायंटसाठी

थेरपी घेणं हेही शिकावं लागतं, आणि ते तुम्हाला कुणी शिकवत नाही. डॉक्टरकडे लक्षणं सांगून गप्प बसायचं असतं, इथे तसं नाही.

पहिल्या भेटीत विचारा: तुमचं शिक्षण काय, नोंदणी आहे का, तुम्ही सुपरव्हिजन घेता का, माझ्यासारख्या अडचणीवर कसं काम करता, फी आणि रद्द करण्याचे नियम काय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी असते. हे प्रश्न उद्धट नाहीत. चांगल्या थेरपिस्टला ते आवडतात.

सेशनच्या आधी दहा मिनिटं बसून दोन ओळी लिहा: या आठवड्यातला एक नेमका प्रसंग, आणि मागच्या वेळी जे सांगायचं टाळलं ते. ‘आठवडा बरा गेला’पासून सुरुवात केली की पंधरा मिनिटं बातम्यांत जातात, आणि खरी गोष्ट उठताना, चप्पल घालताना तोंडातून निघते. दरवेळी तसं होत असेल तर पुढची भेट त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करा.

बोलताना वेग कमी करा. युजीन जेंडलिन यांना शिकागोमधल्या संशोधनात दिसलं होतं की ज्यांना थेरपीचा फायदा होतो ते बोलता बोलता थांबतात, चाचपडतात, ‘राग... नाही, राग नाही, काहीतरी वेगळंच’ असं म्हणत नेमका शब्द शोधतात. सफाईदार सांगितलेली गोष्ट बहुधा आधी वीस जणांना सांगून झालेली असते. थांबून आत बघा, छातीत-पोटात काय होतंय ते, आणि शब्द जुळला नाही तर बदला. थेरपिस्टने सुचवलेला शब्द बसत नसेल तर ‘नाही, तसं नाही’ म्हणा. या वाक्याने सेशनचा सगळ्यात जास्त फायदा होतो.

सेशननंतर लगेच मोबाइल उघडू नका. पाच ओळी लिहा: काय लागलं, काय पटलं नाही, काय सांगायचं राहिलं. घरी कुणी ‘काय झालं आज?’ विचारलं तर सगळं सांगायची गरज नाही. सांगितलेलं तिथेच विरतं आणि वर चार सल्ले मिळतात. ठरवलेला गृहपाठ झाला नाही तर तो न झाल्याचं घेऊन जा, दांडी मारू नका. तो का झाला नाही, यातच पुष्कळ काम असतं.

थेरपिस्टचं काही लागलं तर कसं सांगायचं? तयार वाक्य देतो: ‘मागच्या वेळी तुम्ही अमुक म्हणालात, ते घरी गेल्यावरही डोक्यात राहिलं. त्यावर आज बोलायचंय.’ तोंडाने जमत नसेल तर कागदावर लिहून द्या. थेरपिस्टने ऐकून घेतलं आणि पुढे काही बदललं, तर नातं आधीपेक्षा घट्ट होतं. तो चिडला, उलट तुम्हालाच विकार चिकटवू लागला, आणि पुन्हा सांगूनही तेच झालं, तर दुसरा थेरपिस्ट बघा.

किती दिवस वाट बघायची? केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांच्या १९८६ च्या अभ्यासात आठव्या सेशनपर्यंत साधारण निम्म्या लोकांत मोजता येईल अशी सुधारणा दिसली होती, आणि सव्विसाव्यापर्यंत पाऊणएक लोकांत. म्हणजे दोन भेटींत काही झालं नाही म्हणून सोडायचं कारण नाही. पण सहा-आठ भेटींनंतरही काहीच हललेलं नसेल, तर सोडून देण्याआधी ते तिथेच मांडा आणि पद्धत बदलायची, औषधासाठी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं की दुसरीकडे जायचं, हे दोघांनी ठरवा. एका बाबतीत मात्र वाट बघू नका: थेरपिस्ट शरीराशी लगट करत असेल, बाहेर भेटायला बोलावत असेल, पैशांचे व्यवहार करत असेल किंवा दुसऱ्या क्लायंटची नावानिशी माहिती सांगत असेल, तर त्याच दिवशी बाहेर पडा.

परदेशात राहून मराठीत थेरपी घेणाऱ्यांसाठी थोडं व्यवस्थेचं. तुम्ही राहता तिथल्या कायद्याने भारतातल्या थेरपिस्टला सेशन घेता येतं का, हे दोघांनी आधी तपासावं. सुरुवातीलाच तुमचा पत्ता, तिथला आपत्कालीन क्रमांक आणि जवळच्या एका माणसाचा नंबर थेरपिस्टला द्या. १४४१६ भारताबाहेर कामाचा नाही. दर भेटीला आपण कुठे बसलो आहोत ते आधी सांगा. हेडफोन लावा, कारण पलीकडच्या खोलीत मराठी कळणारं माणूस असतं. आणि कॉल तुटला तर कोण कुणाला, किती मिनिटांत, कशावरून फोन करणार, हे पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा.